वाटी फुटली, गादी फाटली, तरी पन्नास सामने जिंकले

आपल्याकडे साखर कारखान्यांचे बॉयलर पेटतात, साधारण त्याच सुमारास अमेरिकेत एनबीएचा, म्हणजे तिथल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा हंगाम उघडतो. ऑक्टोबरच्या शेवटी सुरुवात, एप्रिलच्या मध्यात साखळी सामने आटोपले. सांगली जिल्ह्यात राहणाऱ्याला हे वेळापत्रक वेगळं पाठ करावं लागत नाही. आणि साम्य तारखांपुरतंच नाही. ऊसतोडीच्या टोळीतले दोन कोयते आजारी पडले म्हणून कारखाना थांबत नाही. फड उरलेल्यांनीच रिकामा करायचा, आणि महिन्याभरात त्या उरलेल्यांतल्याच कुणाची तरी कंबर धरते. बास्केटबॉल संघातल्या दुखापती अशाच एकीतून दुसरी अशा वाढत जातात.

आमच्या कोर्टावरची पोरं सकाळी सहा-साडेसहाला मोबाइलवर सामना लावतात आणि आठच्या लेक्चरला डोळे चोळत जातात. संध्याकाळी सरावाला आली की तक्रार ठरलेली. "सर, एवढा पैसा, एवढे डॉक्टर, तरी निम्मी टीम कायम बाहेर कशी काय ओ?" दुसरा लगेच म्हणतो, "नाटकं असतात रे सगळी." नाटकं नसतात. पण प्रश्न रास्त आहे, आणि उत्तर एका वाक्यात मावणारं नाही. म्हणून एकच हंगाम घेऊन ते उलगडून दाखवतो. पोर्टलंड ट्रेल ब्लेझर्स, २००९-१०. जुना हंगाम मुद्दाम निवडलाय. कुठल्या गुडघ्याचं पुढे काय झालं, कुणाचं करिअर टिकलं, हे आता सगळं माहीत आहे. चालू हंगामाबद्दल बोलताना ही सोय नसते.

आधी हिशेब. एनबीएचा सामना ४८ मिनिटांचा, मैदानात एका बाजूचे ५ खेळाडू. म्हणजे प्रत्येक सामन्यात संघाला २४० खेळाडू-मिनिटं भरून काढायची असतात. साखळीत ८२ सामने. गुणाकार करा, १९,६८० मिनिटं. संघात १५ जण असले तरी खरा भार आठ-नऊ जणांवर असतो. पहिले पाच जण सामन्याला तीस-पस्तीस मिनिटं खेळतात, उरलेली मिनिटं बाकीच्यांत वाटली जातात. एखादा पस्तीस मिनिटांचा गडी बाहेर गेला की ती पस्तीस मिनिटं हवेत विरत नाहीत, दुसऱ्या कुणाच्या तरी पायांवर जाऊन बसतात. आणि हे ८२ सामने साडेपाच महिन्यांत उरकायचे. कधी लागोपाठ दोन रात्री दोन वेगवेगळ्या शहरांत. त्या काळात तर पाच रात्रींत चार सामने असाही कार्यक्रम लागायचा. तो प्रकार २०१७-१८ पासून बंद केला, हंगाम थोडा आधी सुरू करून. पोर्टलंड अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात आहे, त्यामुळे त्यांचा विमानप्रवास इतर बहुतेक संघांपेक्षा जास्त. मध्यरात्री विमानातून उतरून हॉटेलात जाणारा सात फुटी माणूस दुसऱ्या संध्याकाळी ताजातवाना उड्या मारेल अशी अपेक्षा आपण ठेवतो.

मिनिटांइतकीच जागाही महत्त्वाची असते. बास्केटखाली उभा राहून चेंडू अडवणारा, उसळलेला चेंडू पकडणारा उंच गडी म्हणजे सेंटर. ते काम सहा फुटी गड्याला देता येत नाही, तो कितीही चपळ असो. पोर्टलंडकडे सेंटर दोन होते. ग्रेग ओडेन आणि जोएल प्रिझबिला. दोघंही सात फुटांचे.

आता त्या हंगामात काय काय झालं ते बघा. पॅटी मिल्स या नव्या खेळाडूचं पाऊल हंगामाआधी जुलैतच मोडलं. निकोला बाटुमच्या खांद्यावर शस्त्रक्रिया झाली, तो जानेवारीच्या शेवटापर्यंत बाहेर. नोव्हेंबरमध्ये ट्रॅव्हिस आउटलॉच्या पायाच्या हाडाला ताणाने चीर गेली. रुडी फर्नांडिसच्या पाठीचं ऑपरेशन झालं. सरावाला माणसं पुरेनात, म्हणून प्रशिक्षक नेट मॅकमिलन स्वतः खेळायला उतरले. वय पंचेचाळीस. ४ डिसेंबर २००९ ला सराव करता करता त्यांच्या टाचेवरचा स्नायूबंध तुटला. कोच कुबड्या घेऊन बसलेला संघ मी तरी दुसरा पाहिला नाही. दुसऱ्याच दिवशी, ५ डिसेंबरला, ह्यूस्टनविरुद्ध ओडेन चेंडू अडवायला उडाला आणि त्याची डाव्या गुडघ्याची वाटी फुटली. २२ डिसेंबरला डॅलसमध्ये प्रिझबिलाच्या गुडघ्याचा स्नायूबंध तुटला, वाटी जागेवरून सरकली. सतरा दिवसांत दोन्ही सेंटर गेले. जानेवारीत संघाचा मुख्य खेळाडू ब्रँडन रॉयच्या मांडीमागचा स्नायू दुखावला, लीगमधल्या निवडक खेळाडूंचा ऑल-स्टार सामनाही हुकला. एप्रिलमध्ये त्याच रॉयच्या उजव्या गुडघ्यातली गादी फाटली.

आणि या संघाने ८२ पैकी ५० सामने जिंकले.

वाटी फुटते कशी, हे समजून घेण्यासारखं आहे, कारण यात कुणी धक्का मारलेला नव्हता. गुडघ्याची वाटी नुसती समोर बसवलेली ढाल नव्हे. मांडीचा पुढचा मोठा स्नायू तिला वरून धरून ठेवतो आणि खाली एक जाड स्नायूबंध तिला नडगीच्या हाडाशी जोडतो. स्नायू आवळला की वाटीमार्फत नडगी ओढली जाते आणि पाय सरळ होतो. उडी मारताना आणि त्याहून जास्त उतरताना या साखळीवर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट ओढ येते. साखळीतला कमकुवत दुवा कोणता, यावर काय तुटणार ते ठरतं. ओडेनचं हाड तुटलं, प्रिझबिलाचा खालचा स्नायूबंध. स्नायूबंध तुटला की माणसाला पाय सरळ करताच येत नाही. मांडी जोर लावते, पण तो जोर नडगीपर्यंत पोहोचत नाही. प्रिझबिलाचं ऑपरेशन झालं, तो सावरू लागला, आणि मार्चमध्ये घरी बाथरूममध्ये पाय घसरून तोच स्नायूबंध पुन्हा तुटला. यावर काय बोलणार?

उंच माणसांचेच पाय जास्त का मोडतात, याच्या मागे शाळेतलं गणित आहे. पावणेसहा फुटाच्या आसपासचा, ७० इंच उंचीचा माणूस घ्या, वजन ७० किलो. त्याच बांध्याचा, पण सात फुटी म्हणजे ८४ इंचांचा माणूस त्याच्या १.२ पट उंच. वजन लांबी, रुंदी, जाडी तिन्हींनी वाढतं, म्हणजे १.२ चा घन, जवळपास १.७३ पट. झाले १२१ किलो. पण हाडाची ताकद त्याच्या काटछेदावर, म्हणजे दोनच मापांवर ठरते. १.२ चा वर्ग, १.४४ पट. वजन पावणेदोन पटीच्या घरात, हाडाची ताकद दीड पटही नाही. हाडाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर वीस टक्के जादा भार, आणि तोही उभं राहिल्यावरचा; उड्या अजून सुरूच व्हायच्यात. ओडेनचं वजन सव्वाशे किलोच्या पुढे होतं. अशा माणसाला आपण वर्षाला ८२ सामने उड्या मारायला लावतो आणि वर विचारतो, हा नाजूक कसा.

आमच्याकडे सात फुटी कुणी नाही, पण फुटलेले गुडघे भरपूर. मिरजेत फिजिओथेरपीच्या खोल्यांमध्ये संध्याकाळी जाऊन बसलात तर कबड्डीतली आणि कुस्तीतली पोरं ओळीने दिसतील. तासगावकडचा एक चढाईपटू तिथे भेटला होता. ऑपरेशन होऊन काही आठवडे झालेले. फिजिओताईंनी त्याच्या गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवला आणि म्हणाल्या, "गुडघ्याने टॉवेल खाली दाब, दहा मोज." एवढंच. पोराच्या कपाळावर घाम. मांडीचा स्नायू थरथरतो, वाटी जेमतेम वर सरकते, सातव्या आकड्याला पाय सुटतो. मग ताईंनी टेप काढून दोन्ही मांड्या मोजल्या. ऑपरेशन झालेली मांडी डोळ्यांनाच बारीक दिसत होती. पाय वापरला नाही की स्नायू असा झपाट्याने उतरतो, आणि परत भरायला त्याच्या कित्येक पट वेळ घेतो. पोर हसत म्हणालं, "ताई, रेड मारणं सोपं होतं की ओ यापेक्षा." एनबीएतल्या खेळाडूच्या दिमतीला दिवसभर तीन माणसं असतात, बर्फाचे टब असतात, पाण्याखालची ट्रेडमिल असते. तरी सुरुवात त्या टॉवेलसारख्याच व्यायामांपासून होते. स्नायू भरायचा वेग पैशाने फारसा बदलत नाही. पोरांच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच मिळतं.

उरलेलं निम्मं कूर्चेत आहे. हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चेचा थर असतो. तिला रक्तपुरवठा नाही. रक्त नाही म्हणजे दुरुस्तीचं सामानच पोहोचत नाही. झिजली ती झिजली. ओडेन २००७ मध्ये लीगमधल्या नव्या खेळाडूंच्या निवडीत पहिल्या क्रमांकावर निवडला गेला, केव्हिन ड्युरंटच्याही आधी. पण एकही सामना खेळण्याआधी उजव्या गुडघ्यातल्या कूर्चेसाठी त्याच्यावर शस्त्रक्रिया करावी लागली आणि पहिलं अख्खं वर्ष गेलं. त्या शस्त्रक्रियेत डॉक्टर उघड्या पडलेल्या हाडाला मुद्दाम बारीक भोकं पाडतात. त्यातून रक्त आणि मज्जेतल्या पेशी बाहेर येतात, त्यांची गुठळी धरते आणि तिथे कूर्चेसारखा एक थर तयार होतो. कूर्चेसारखा. मूळ कूर्चेइतका टणक नाही. साध्या माणसाला त्यावर वर्षानुवर्षं चालता येतं. सव्वाशे किलोच्या सेंटरचं सांगता येत नाही.

एवढी माणसं बाहेर गेल्यावर मालकाने नवी का आणली नाहीत? पोर्टलंडचे मालक होते पॉल ॲलन, मायक्रोसॉफ्टचे सहसंस्थापक. पैशाची वानवा नव्हती. आड आला तो नियम. एनबीएत प्रत्येक संघाच्या एकूण पगारावर मर्यादा आहे. त्या हंगामात ती ५ कोटी ७७ लाख डॉलर होती. काही सवलती वापरून संघ मर्यादेच्या वर जाऊ शकतो, पण वर गेल्यावर बाहेरून मोठा खेळाडू सरळ विकत घेता येत नाही. अदलाबदल करावी लागते, आणि तीही पगाराला पगार जुळवून. येणाऱ्या खेळाडूचा पगार जाणाऱ्याच्या साधारण सव्वापटीपेक्षा जास्त चालत नसे. जखमी खेळाडूचा पगार मात्र चालूच राहतो आणि मर्यादेतही मोजला जातो. म्हणजे ओडेन खाटेवर असला तरी हिशेबात तो मैदानातच होता. जागाही पंधराच. एक पळवाट आहे: चार खेळाडूंचे किमान तीन सामने हुकले असतील आणि ते आणखी दोन आठवडे तरी खेळू शकणार नसतील, तर लीग सोळावा खेळाडू घ्यायला परवानगी देते. पण डिसेंबरात मोकळा असणारा खेळाडू मोकळा का आहे, हे उघड आहे.

पोर्टलंडने मग घरातल्या भांड्यांवरच स्वयंपाक केला. जुवान हॉवर्ड हा छत्तिशीचा गडी अनुभवी खेळाडूंच्या किमान पगारावर घेतला होता, बहुधा बाकावर बसून पोरांना चार गोष्टी सांगण्यासाठी. तो सत्तरहून जास्त सामने खेळला, बरेचसे सेंटरच्या जागी, आपल्याहून उंच माणसांना ढकलत. आंद्रे मिलर ३३ वर्षांचा, दिसायला शाळेतल्या पीटीच्या सरांसारखा, उडी जवळजवळ नाहीच. तो ८२ च्या ८२ सामने खेळला. ३० जानेवारी २०१० ला डॅलसमध्ये त्याने एका सामन्यात ५२ गुण केले. रॉय तेव्हा बाहेर होता. मिलरचं मला फार कौतुक वाटतं, आणि त्याचं कारण दुखापतींच्या विषयातच आहे. तो खेळायचा जमिनीवर. वेग बदलून, खांदा लावून, पाठ देऊन. जो उडत नाही तो पडत नाही. त्याचा सलग सामन्यांचा सिलसिला पुढे ६३२ वर जाऊन थांबला, तोही दुखापतीने नाही, एका सामन्याच्या बंदीमुळे.

संघाची चालही संथ होती, लीगमधल्या सर्वांत संथ संघांपैकी एक. चेंडू हातात आला की धावत सुटायचं नाही, घड्याळातले सेकंद खर्चून नेम घ्यायचा. याचे दोन फायदे. पहिला उघड आहे, धाव कमी. दुसरा जरा विचार करायला लावणारा. सामन्यात दोन्ही संघांना चेंडू जितक्या कमी वेळा मिळेल, तितकी नशिबाला जागा जास्त. पाच दिवसांच्या कसोटीत तगडा संघ बहुधा जिंकतो, वीस षटकांत कुणीही कुणाला पाडतो. माणसं कमी पडलेल्या संघाने सामना आखूड करायचा. मॅकमिलन यांची ही पद्धत आधीपासूनची होती, त्या वर्षी ती कामाला आली. बघायला मात्र कंटाळवाणी, हे कबूल करायला हवं. आमची पोरं असा सामना दहा मिनिटंही बघणार नाहीत.

फेब्रुवारीत अदलाबदल झाली. स्टीव्ह ब्लेक आणि जखमी आउटलॉ असे दोघं देऊन लॉस एंजेलिस क्लिपर्सकडून मार्कस कॅम्बी आणला. सेंटर, वय ३५, स्वतः आयुष्यभर दुखापतींनी गांजलेला. पण अख्खा सेंटर! ११ एप्रिलला लेकर्सविरुद्ध रॉयचा गुडघा गेला आणि पुढच्याच रात्री ओक्लाहोमा सिटीविरुद्ध कॅम्बीने ३० गुण केले. बचावासाठी आणलेल्या माणसाने. पोर्टलंडने साखळी सहाव्या स्थानावर संपवली.

पन्नास विजय आणि सहावं स्थान? हो. त्या वर्षी पश्चिम विभागातून बाद फेरीत गेलेल्या आठही संघांचे किमान पन्नास विजय होते. पोर्टलंड, सॅन अँटोनिओ आणि ओक्लाहोमा सिटी तिघांचे बरोबर पन्नास. स्थानं सहावं, सातवं, आठवं. पूर्वेकडे शिकागो ४१ जिंकून आणि ४१ हरून आठवा आला. आदल्या वर्षी धडधाकट पोर्टलंडने ५४ जिंकले होते. म्हणजे एवढी पडझड होऊन फरक पडला चार विजयांचा. आठव्याऐवजी सहावं आल्याचा फायदा असा की पहिल्याच फेरीत गतविजेते लेकर्स समोर आले नाहीत. फिनिक्स आले.

आणि इथे रॉयचा विषय येतो, ज्यासाठी मी हा हंगाम निवडला.

गुडघ्यात मांडीच्या आणि नडगीच्या हाडांमध्ये अर्धचंद्राच्या आकाराच्या दोन गाद्या असतात. धक्का झेलणं, भार पसरवणं हे त्यांचं काम. गादी फाटली की डॉक्टरांसमोर मुख्यतः दोन रस्ते. फाटलेला भाग शिवायचा, किंवा तेवढा कापून काढायचा. बाहेरच्या काठाला रक्त मिळतं, तिथे टाका धरतो, पण खेळायला परतायला चार-सहा महिने लागतात. आतल्या भागाला रक्त मिळत नाही, तिथे शिवून उपयोग होत नाही, कापावंच लागतं. कापलं की दुर्बिणीतून तासाभराचं काम, आणि खेळाडू काही आठवड्यांत परत. फक्त गादी तेवढी कमी झाली. पुढचे सगळे धक्के थेट कूर्चेवर.

रॉयचं ऑपरेशन १६ एप्रिलला झालं. पोर्टलंडने फिनिक्समध्ये पहिला सामना जिंकला, मिलरचे ३१ गुण. पुढचे दोन मोठ्या फरकाने हरले. २४ एप्रिलला चौथा सामना होता. आठ दिवसांपूर्वी गुडघ्याचं ऑपरेशन झालेला रॉय बाकावरून उठून मैदानात आला, स्टेडियम डोक्यावर घेतलं लोकांनी, त्याने १० गुण केले आणि पोर्टलंड ९६-८७ ने जिंकलं. मग पाचवा आणि सहावा सामना फिनिक्सने घेतला, मालिका ४-२. संपलं.

आमची पोरं ही गोष्ट ऐकली की टाळ्या वाजवतात. मी वाजवत नाही. कापलेल्या गादीवर लगेच खेळल्याने तेवढ्यानेच गुडघा गेला, असं कुणी डॉक्टर छातीठोक सांगणार नाही. रॉयच्या गुडघ्यांचा त्रास कॉलेजपासूनचा होता, आधीही शस्त्रक्रिया झाल्या होत्या. पण मिळणार काय होतं? फार तर दुसऱ्या फेरीत प्रवेश. रॉय २५ वर्षांचा, आदल्याच उन्हाळ्यात पाच वर्षांचा करार झालेला. निर्णय त्याचाच होता, त्याने हट्ट धरला होता, डॉक्टरांनी परवानगी दिली होती. सगळं खरं. तरी पंचविशीतला खेळाडू खेळू का विचारतो तेव्हा त्याला नाही म्हणायचं काम दुसऱ्या कुणाचं तरी असतं. तालमीतले जुने वस्ताद हे काम करायचे. पोरगा कितीही उसळला तरी जत्रेच्या फडात उतरू द्यायचे नाहीत.

पोर्टलंडला तर हा धडा घरातच मिळाला होता. १९७७ मध्ये बिल वॉल्टन या सेंटरच्या जोरावर त्यांनी आपलं एकमेव विजेतेपद मिळवलं. पुढच्या हंगामात पहिल्या ६० पैकी ५० सामने जिंकले आणि वॉल्टनचं पाऊल दुखावलं. बाद फेरीत वेदनाशामक इंजेक्शन घेऊन तो खेळला, आणि नंतर पावलाचं हाड मोडल्याचं निघालं. पोर्टलंडसाठी तो पुन्हा कधीही खेळला नाही. १९८४ मध्ये त्यांनी सॅम बोवी हा सेंटर दुसऱ्या क्रमांकावर निवडला, ज्याच्या पायाची हाडं कॉलेजातच दगा देऊन झाली होती. तिसऱ्या क्रमांकावर मायकेल जॉर्डन शिकागोला गेला. वॉल्टन, बोवी, ओडेन अशी माळ लावून तिकडचे लोक संघाला शाप आहे म्हणतात. शापबिप काही नाही. दर वेळी सात फुटी सेंटरवर पैज लावायची आणि वर सांगितलेलं घनाचं आणि वर्गाचं गणित विसरायचं, एवढंच त्यात आहे.

आज परिस्थिती थोडी बदलली आहे, आणि आमच्या पोरांची दुसरी तक्रार त्यातूनच येते. मोठा खेळाडू धडधाकट दिसतो, तरी लागोपाठच्या दुसऱ्या सामन्याला बसवतात. विश्रांती म्हणून. पहाटे उठून लावलेला सामना आणि ज्याच्यासाठी लावला तोच साध्या कपड्यांत बाकावर, राग येणारच. लीगलाही आला. २०२३-२४ पासून किमान ६५ सामने खेळल्याशिवाय वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा किताब आणि इतर बहुतेक मोठे मान मिळत नाहीत. मी या वादात विश्रांतीच्या बाजूने आहे, पण प्रेक्षकाने पैसे कशाचे भरले हा प्रश्नही खोटा नाही. सामन्याआधीच्या दुखापतींच्या यादीत ‘प्रॉबेबल’ लिहिलं असेल तर खेळाडू बहुतेक खेळणार, ‘क्वेश्चनेबल’ म्हणजे नाणं उडवा, ‘डाउटफुल’ म्हणजे आशा सोडा, ‘आउट’ म्हणजे झोपा. गजर लावण्याआधी ही यादी बघितली तर निम्मी भांडणं मिटतील.

पोर्टलंडच्या त्या संघाचं पुढे असं झालं. व्यवस्थापक केव्हिन प्रिचर्ड यांना जून २०१० मध्ये नव्या खेळाडूंच्या निवडीच्या दिवशीच काढून टाकलं, वर त्या रात्रीची निवड त्यांच्याकडूनच करून घेतली. ओडेनच्या डाव्या गुडघ्यावरही नोव्हेंबर २०१० मध्ये तीच भोकं पाडायची शस्त्रक्रिया झाली. पोर्टलंडसाठी तो २००८-०९ मध्ये ६१ आणि या हंगामात २१ सामने खेळला होता. बेरीज ८२, बरोबर एका हंगामाइतकी, आणि ती तिथेच राहिली. पुढच्या हंगामात संघाने ४८ सामने जिंकले, पुन्हा सहावं स्थान, पुन्हा पहिल्या फेरीत ४-२ ने हार, या वेळी डॅलसकडून, जे नंतर विजेते झाले. त्या मालिकेच्या चौथ्या सामन्यात संघ तिसऱ्या पावात २३ गुणांनी मागे पडला होता, पण रॉयने शेवटच्या पावात एकट्याने १८ गुण करून सामना काढला. तोवर त्याच्या दोन्ही गुडघ्यांवर आणखी शस्त्रक्रिया झाल्या होत्या आणि गादी म्हणावी असं आत फारसं काही उरलं नव्हतं. डिसेंबर २०११ मध्ये, वयाच्या २७ व्या वर्षी, त्याने निवृत्ती जाहीर केली. लीगने तेव्हा प्रत्येक संघाला एक सवलत दिली होती: एक करार असा मोडायचा की खेळाडूला पैसे पूर्ण मिळतील, पण पगाराच्या मर्यादेत ते मोजले जाणार नाहीत. पोर्टलंडने ती रॉयवर वापरली. एका वर्षाने तो मिनेसोटाकडून परत आला, पाच सामने खेळला आणि थांबला. नंतर सिएटलमधल्या एका हायस्कूलचा प्रशिक्षक झाला, आणि पहिल्याच हंगामात, २०१६-१७ मध्ये, त्याच्या पोरांनी २९ पैकी २९ सामने जिंकले.